"वाघ्या हसतोय बघ!": घरात कुत्रा आल्यावर आईबापांचं काय होतं?

मागच्या लेखात जिवाणूंच्या चिकट थरांबद्दल, म्हणजे बायोफिल्मबद्दल लिहिलं होतं. त्याचा पुढचा भाग द्यायचा राहिलाय, ठाऊक आहे. पण मधल्या काळात घरात एक पिल्लू आलं आणि प्रबंधाचं एक प्रकरण, हा ब्लॉग आणि माझी झोप अशा तिन्ही गोष्टी मागे पडल्या. तेव्हा आज त्या पिल्लाबद्दलच.

झालं असं, की गेल्या जूनमध्ये आम्ही दिंडोरीकडे नवऱ्याच्या मामांच्या मळ्यावर गेलो होतो. तिथे द्राक्षबागेच्या शेडमध्ये एक गावठी कुत्री व्याली होती. माझी लेक चार वर्षांची. तिने त्यातलं एक पिल्लू उचललं आणि ते सोडून गाडीत बसायला साफ नकार दिला. मामा म्हणाले, "न्या की, तेवढंच एक पोट कमी." पिल्लू फार तर पाच-सहा आठवड्यांचं असेल. आमचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळे सासूबाईंनी नावाचा प्रश्न मिनिटात सोडवला: वाघ्या.

त्यानंतर भेटणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य म्हणतो. "मुलीसाठी किती छान ना! कुत्र्यासोबत वाढलेली मुलं प्रेमळ होतात, जबाबदार होतात, आजारी पडत नाहीत." मी संशोधन करणारी बाई. असं कुणी खात्रीने काही बोललं, की मला शोधनिबंध उघडायची खाज सुटते. नऊ-दहा महिन्यांत बरंच वाचलं, आणि त्याहून जास्त घरात पाहिलं. यातलं थोडं तुम्हाला उपयोगी पडेल, विशेषतः घरात लहान मूल असेल आणि ते "आपण कुत्रा आणू या ना" म्हणून मागे लागलं असेल तर.

"पेट पॅरेंट" हा शब्द कितपत खरा?

आजकाल कुत्रा पाळणाऱ्यांना "पेट पॅरेंट" म्हणतात. सासूबाईंना हे ऐकून हसू येतं. पण हा प्रश्न संशोधकांनी खरोखर विचारलाय. २०१४ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या गटाने काही आयांचा अभ्यास केला. प्रत्येकीच्या घरी दोन ते दहा वर्षांचं मूल होतं आणि कुत्राही होता. त्यांना एमआरआयच्या यंत्रात झोपवून फोटो दाखवले: स्वतःचं मूल, स्वतःचा कुत्रा, अनोळखी मूल, अनोळखी कुत्रा. फोटो बघताना मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो हे टिपलं.

आपलं मूल आणि आपला कुत्रा, दोघांच्या फोटोला भावना आणि आपुलकीशी जोडलेले बरेचसे भाग सारखेच सक्रिय झाले. म्हणजे "तो माझं लेकरूच आहे" म्हणणारी बाई काही अगदीच उगाच बोलत नसते. पण मेंदूत खोलवर असलेलं, डोपामिनशी संबंध असलेलं एक केंद्र फक्त मुलाच्या फोटोला जागं झालं, कुत्र्याच्या नाही. आणि चेहरे वाचणारा एक भाग उलट कुत्र्याच्या फोटोला जास्त कामाला लागला. संशोधकांचा अंदाज असा, की कुत्रा बोलत नाही, त्यामुळे त्याच्याशी संवाद साधताना आपण डोळ्यांवर जास्त विसंबतो.

आता यावरून फार उड्या मारू नका. ज्यांची पूर्ण मोजमापं मिळाली अशा आया फक्त १४ होत्या. आमच्या विभागात १४ नमुन्यांवर मी काही विधान केलं, तर गाइड मॅडम चष्म्यावरून बघतील. पण "चेहरा वाचणं" हा मुद्दा डोक्यात ठेवा. पुढे तो फार महत्त्वाचा होणार आहे.

तसाच २०१५ सालचा एक जपानी प्रयोग गाजला होता. कुत्रा आणि मालक अर्धा तास एका खोलीत. ज्या जोड्या एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ बघत होत्या, त्यांच्या लघवीत नंतर ऑक्सिटोसिन वाढलेलं सापडलं, माणसाच्याही आणि कुत्र्याच्याही. आई आणि तान्ह्या बाळात असंच चक्र चालतं असं मानलं जातं. माणसांनी लहानपणापासून वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसं काही दिसलं नाही. थोडक्यात, कुत्र्याने आपल्या लेकरांसाठी राखीव असलेल्या वाटेने घरात प्रवेश मिळवलाय.

जुलैमधली संध्याकाळ

हे सगळं गोड आहे. आता जे गोड नाही ते सांगते.

वाघ्याला येऊन महिना झाला होता. मी लॅबमध्ये होते. घरी सासूबाई भाकऱ्या थापत होत्या, लेक आणि वाघ्या ओट्याजवळ. वाघ्यापुढे दूध-भाकरीची वाटी. लेक त्याच्यासमोर फतकल मारून बसली आणि वाटीत हात घातला. वाघ्याने खाणं थांबवलं, अंग ताठ केलं, वरचा ओठ उचलला. लेक आनंदाने ओरडली, "आजी, वाघ्या हसतोय बघ!" सासूबाईंनी वळून पाहीपर्यंत तिच्या तळहाताला सुईसारखा दात लागला होता. रक्ताचा एक टिपूस.

तिला तो हसताना का दिसला? इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइन्ट्स यांच्या गटाने लहान मुलांना आणि त्यांच्या पालकांना कुत्र्यांचे छोटे व्हिडिओ दाखवले आणि विचारलं, कुत्र्याला काय वाटतंय? तीन वर्षांच्या मुलांनी धोक्याची स्पष्ट चिन्हं जवळपास निम्म्या वेळा चुकीची वाचली. आणि चूक बहुतेक वेळा एकाच दिशेला होती: दात दिसतायत, म्हणजे कुत्रा खूश आहे. यात नवल नाही. मुलाने जन्मल्यापासून पाहिलेल्या चेहऱ्यांत दात दिसणं म्हणजे हसणं. कार्टूनमधला कुत्राही दात दाखवूनच हसतो. मोठी माणसंही चुकली, बारीक चिन्हांच्या बाबतीतही. शिकवल्यावर सगळ्यांचीच ओळख सुधारली, हा त्या अभ्यासातला दिलासा.

ही बारीक चिन्हं एकदा दिसायला लागली, की मग ती सगळीकडे दिसतात. खायला काही नसताना ओठ चाटणं. झोप आलेली नसताना जांभई. मान फिरवणं, पण डोळे तुमच्यावरच, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसणं. अंग अचानक स्थिर होणं. हे सगळं म्हणजे "मला नको आहे" याचे हळू आवाजातले प्रकार. ते कुणी ऐकले नाहीत, तर गुरगुरणं. तेही ऐकलं नाही, तर दात. आपल्याकडे कुत्रा गुरगुरला की त्याला फटका मारायची पद्धत आहे. मला विचाराल तर याच्याइतकी वाईट सवय नाही. फटक्याने त्याची नाराजी जात नाही, फक्त आवाज बंद होतो. पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल.

यात माझ्या वाट्याची आणखी एक चूक होती. पिल्लू फार लवकर आईपासून तोडलं. इटलीत १४० कुत्र्यांचा एक अभ्यास झालाय. निम्मी पिल्लं ३० ते ४० दिवसांची असताना आईपासून वेगळी केलेली, निम्मी दोन महिन्यांनंतर. लवकर तोडलेल्यांत मोठेपणी अन्नावर हक्क गाजवणं, आवाजाला दचकणं, अति भुंकणं जास्त आढळलं. भावंडांशी मस्ती करताना जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ थांबतो. दात किती दाबायचे हे पिल्लू तिथे शिकतं. वाघ्याची ही शाळा आम्ही अर्ध्यातच सोडवली.

साबण, हळद आणि पोटातली इंजेक्शनं

सासूबाईंनी तिचा हात नळाखाली धरला आणि वर हळद दाबली. मी सातच्या सुमारास घरी पोचले. आता कबूल करते: सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करणारी मी, पंधरा-वीस मिनिटं "काय करावं" असा विचार करत बसले. घरचंच पिल्लू, टिचभर ओरखडा, बाहेर धो-धो पाऊस. वाघ्याला रेबीजची लस अजून दिली नव्हती, कारण ती साधारण तीन महिन्यांचा झाल्यावर देतात. त्याच्या आईला दिली असण्याची शक्यता शून्य. मळ्यावर तिला कोण कोण चावून गेलं असेल, देव जाणे. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी बसले होते. ती पंधरा मिनिटं मला अजून आठवतात.

मग उठले, हळद धुतली आणि साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धुतली. लेक रडत होती. पण साबण का, हे समजून घ्या. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. साबण भांड्याचं तूप काढतो तसाच हे आवरण फोडतो, आणि आवरण फुटलं की विषाणू निकामी. हळद, चुना, तिखट, तेल, यांतलं काहीही हे करत नाही. उलट जखम चिडते आणि धुवायची राहून जाते.

रेबीजचा विषाणू रक्तातून फिरत नाही. तो जखमेजवळच्या स्नायूंतून नसांमध्ये शिरतो आणि नसेच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला आठवडे लागतात, कधी महिने. हाच आपल्याला मिळालेला वेळ. या वेळात लस शरीराला तयार करते. एकदा का तो मेंदूत पोचला आणि लक्षणं सुरू झाली, की जवळजवळ कुणीच वाचत नाही. म्हणूनच मुलांच्या बाबतीत काळजी जास्त. त्यांची उंची अशी, की कुत्र्याचं तोंड त्यांच्या चेहऱ्या-मानेच्या पातळीवर येतं. चावा तिथे बसला तर विषाणूचा प्रवास छोटा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत रेबीजचा संशय असलेल्या प्राण्याने चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची आहेत. भारतात दर वर्षी रेबीजने होणाऱ्या मृत्यूंचा जुना अंदाज २०,०००च्या आसपास होता. अलीकडच्या देशव्यापी सर्वेक्षणाने तो सुमारे ५,७०० वर आणलाय. आकडा उतरला हे चांगलंच, पण लस दारात असताना ५,७०० हा काही समाधान मानण्याचा आकडा नव्हे.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रक्त आलं होतं?" या प्रश्नावर बरंच अवलंबून असतं. नुसतं चाटलं आणि कातडी अखंड असेल तर धुणं पुरे. रक्त न येता खरचटलं तर लस. रक्त आलं, मग तो टिपूस का असेना, तर लस आणि शिवाय जखमेत इम्युनोग्लोब्युलिन. लसीने शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवायला आठवडाभर तरी घेतं, तोवर ही तयार प्रतिपिंडं जखमेतच पहारा देतात. चार वर्षांच्या पोरीच्या तळहातात ती सुई जाताना तिला धरून ठेवणं, हे मी आत्तापर्यंत केलेलं सर्वांत अवघड प्रात्यक्षिक.

सासूबाई बाहेर बाकावर बसून रडत होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर "पोटात चौदा इंजेक्शनं" होती. आपल्या आधीच्या पिढीची ही भीती अगदी खरी आहे. १९११ साली कसौलीच्या संस्थेत डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूपासून लस तयार केली. ती स्वस्त होती, भारतात जवळजवळ शतकभर वापरली गेली, असंख्य जीव वाचले. पण ती पोटाच्या कातडीखाली रोज टोचावी लागे, दुखे, आणि त्यातल्या मेंदूच्या पेशींमुळे काही जणांना नसांचे गंभीर त्रास होत. २००४च्या अखेरीस आपल्याकडे तिचं उत्पादन बंद झालं. आताची लस पेशींच्या कल्चरमध्ये वाढवलेल्या विषाणूपासून होते आणि दंडावर देतात. सरकारी दवाखान्यांत कातडीत देण्याची पद्धत आहे: पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. बस. "पोटात चौदा" च्या धास्तीने आजही कुणी लपवत असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा.

वाघ्यावर दहा दिवस नजर ठेवायची होती. चावण्याच्या वेळी लाळेत विषाणू असता, तर दहा दिवसांच्या आत कुत्रा आजारी पडतो. पण लस सुरू करायला दहा दिवस थांबायचं नसतं. ती त्याच दिवशी सुरू करायची आणि पुढचं डॉक्टर ठरवतात. मी त्या दहा दिवसांत वाघ्या पाणी पितोय का, हे किती वेळा बघितलं याचा हिशेब नाही. नवरा रात्री दोनला उठून बॅटरी मारून बघायचा. वाघ्या मजेत होता. आम्ही नव्हतो.

आणि हो, घरात पाळीव कुत्रा असलेल्या मुलांना चावण्याआधीच रेबीजची लस देता येते. हे मला नंतर कळलं. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. सोबत पिल्लाच्या जंताच्या औषधाचंही विचारा. पिल्लांना गोल जंत बहुतेक आईकडूनच मिळालेले असतात, आणि अंगणातल्या मातीत खेळणारी मुलं तो हात तोंडात घालतात.

नाशिकचं एक वेगळंच प्रकरण: द्राक्षं

जगभरच्या कुत्रेवाल्यांना चॉकलेटची भीती असते. नाशिकमध्ये आधी द्राक्षांची बाळगा. आपल्याकडे जानेवारी ते एप्रिल घरोघरी क्रेट येतात, मुलं घोस हातात घेऊन घरभर फिरतात, आणि मनुके-बेदाणे तर बारमाही. कुत्र्याचं मूत्रपिंड द्राक्षाने निकामी होऊ शकतं. विचित्र गोष्ट अशी, की एक कुत्रा वाटीभर खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसरा मूठभरात आजारी पडतो. कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी एक धागा पकडला. बेकिंगसाठी वापरतात ती क्रीम ऑफ टार्टर खाल्लेल्या कुत्र्यांत अगदी तशीच लक्षणं दिसली. म्हणून संशय टार्टारिक आम्लावर आला. द्राक्षाची जात, पिकण्याची अवस्था, हंगाम यांनुसार हे आम्ल कमीजास्त होतं, त्यामुळे प्रत्येक कुत्र्याचा अनुभव वेगळा हेही जुळतं. चिंचेतही तेच आम्ल भरपूर असतं, तेव्हा चिंचेचा कोळही दूरच बरा. मनुक्यात पाणी उडालेलं असतं, म्हणून वजनाच्या मानाने तो आणखी वाईट.

यंदा फेब्रुवारीत लेक भातुकली खेळत होती. वाघ्या पाहुणा. त्याच्यापुढे स्टीलच्या छोट्या ताटलीत पाच द्राक्षं. मी विचारलं, त्याने किती खाल्ली? ती म्हणाली, "एक त्याला, एक मला, एक त्याला, एक मला." हे गणित कुठे संपलं ते तिलाही आठवत नव्हतं. सरळ पशुवैद्यांकडे. त्यांनी वाघ्याला उलटी करवली, तीन द्राक्षं बाहेर आली, जवळजवळ अखंड. दोन दिवसांनी रक्त तपासलं, ठीक निघालं. ज्या मामांच्या बागेत तो जन्मला, त्याच बागेची द्राक्षं होती ती.

लेकीला रागावण्यात अर्थ नव्हता. आपल्या ताटातलं दुसऱ्याला द्यायचं, हे तिला आम्हीच शिकवलं. सासूबाई पहिली भाकरी कुत्र्याला काढून ठेवतात, चंपाषष्ठीला तर तळी भरून झाल्यावर वाघ्याचा वेगळा मान. त्यात मध्येच आई येऊन म्हणते, "हे दे, पण ते देऊ नकोस." चार वर्षांच्या डोक्याला हा अपवाद पेलत नाही. शेवटी आम्ही नियम उलटा केला: वाघ्याला हाताने काहीच द्यायचं नाही, फक्त आजीच्या हातून वाटीत. हा नियम ती स्वतःच सगळ्या पाहुण्यांना ऐकवते.

आठ महिन्यांचा तरुण

जानेवारीत वाघ्याला अचानक ऐकू येईनासं झालं. "बस" म्हटलं की तो भिंतीकडे बघायचा. शेजारच्या काकांनी तोच शब्द उच्चारला, की टुणकन बसायचा. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. मग २०२० सालचा एक ब्रिटिश अभ्यास सापडला आणि हायसं वाटलं. तीच पिल्लं पाच महिन्यांची असताना आणि आठ महिन्यांची झाल्यावर तपासली होती. आठव्या महिन्यात ती आपल्या माणसाचं "बस" जास्त वेळा धुडकावतात, पण अनोळखी माणसाचं ऐकतात. वयात येणाऱ्या पोरांसारखंच, घरच्यांपुढेच तोरा. हा काळ जातो. गावोगावी याच वयात कुत्री सोडून दिली जातात, "बिघडला" म्हणून. सोडलेल्यांचं पुढे काय होत असेल? आयसर कोलकात्याच्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. वयात येईपर्यंत जगली जेमतेम १९ टक्के, आणि मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक माणसांमुळे झालेले.

याच गटाने रस्त्यावरच्या आया आणि पिल्लं यांच्यातली भांडणंही अभ्यासली आहेत. पिल्लं मोठी होत जातात तशी आई अन्न वाटून खाणं कमी करते, आणि अन्न जितकं चांगलं तितकं भांडण जास्त. बिस्किटावर सोडून देईल, मटणावर नाही. फ्रीजमागे चॉकलेट लपवणाऱ्या समस्त आयांतर्फे मी या संशोधनाचं स्वागत करते.

रात्रीचा प्रश्न

आम्ही मखमलाबादच्या पुढे मळ्यालगत राहतो. "कुत्रा राखणीला बाहेर बांधा" हा सल्ला पहिल्याच दिवशी मिळाला. सीमेपलीकडे, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेतून ते काय खातात याचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाण्यात ८७ टक्के पाळीव प्राणी होते आणि एकटी कुत्री ३९ टक्के. त्या भागात कुत्र्यांपेक्षा शेळ्या सातपट जास्त, तरी त्यांचा वाटा फक्त ११ टक्के. कारण शेळ्या रात्री गोठ्यात असतात आणि कुत्री उघड्यावर. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्यासाठी राखण नसतो, आमंत्रण असतं. आणि त्या अंगणात लहान मूल संध्याकाळी खेळत असेल, तर हे आमंत्रण कुणाच्या दारात जातंय याचा विचार करा. वाघ्या नाव असलं, तरी आमचा वाघ्या कुकरच्या शिट्टीला घाबरतो. तो रात्री आत, स्वयंपाकघरात, दार लावून झोपतो.

मग फायदे खोटे का?

नाही. पण नीट वाचावे लागतात. सगळ्यांत मोठा अभ्यास स्वीडनचा, २०१५ सालचा. २००१ ते २०१० मध्ये जन्मलेल्या लाखो मुलांची सरकारी नोंद तपासली. आयुष्याच्या पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांत सहाव्या वर्षी दम्याची शक्यता सुमारे १३ टक्क्यांनी कमी होती. छान. पण माझ्या लेकीच्या पहिल्या वर्षी कुत्रा नव्हता. शिवाय हा सहसंबंध आहे. ज्या घरात आधीच ॲलर्जी आहे ते घर बहुधा कुत्रा आणतच नाही, आणि असे फरक आकडेमोडीत पूर्ण धुऊन काढता येत नाहीत. तिसरी गोष्ट, स्वीडनमधलं बंद, चकचकीत घर आणि मळ्यालगतचं आमचं घर यांत आधीच इतका फरक आहे, की कुत्र्याने त्यात किती भर पडली असेल याबद्दल मी तरी पैज लावणार नाही. जिवाणूंची देवाणघेवाण मात्र नक्की होते. ६० कुटुंबांच्या एका अमेरिकी अभ्यासात माणसांच्या कातडीवरचे जिवाणू परक्या कुत्र्यापेक्षा स्वतःच्या कुत्र्याशी जास्त जुळले. म्हणजे आमच्या घरात आता वाघ्याचे जिवाणू माझ्या हातावर आणि माझे वाघ्यावर. बायोफिल्मवर काम करणाऱ्या बाईला यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

जबाबदारीचं म्हणाल, तर ते ऐकून मला खरंच हसू येतं. चार वर्षांचं मूल कुत्र्याची जबाबदारी घेत नाही. सकाळी सहाला पट्टा मी धरते, शी नवरा उचलतो, वाटी सासूबाई धुतात. लेक फक्त प्रेम करते, तेही आरडाओरडा करून. घरात दोन जीव आहेत, दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही आणि दोघांनाही आपल्याला येते असं वाटतं. दिवसभर मधे उभं राहून भाषांतर करत राहणं, हे माझं नवं काम. हे काम करायला घरात कुणी मोकळं नसेल, तर मूल थोडं मोठं होईपर्यंत थांबा, असं मी मैत्रिणींना सांगते. त्यांना ते आवडत नाही.

दिवाळीत माझा भाचा आला होता. वाघ्या पलंगाखाली आडवा, भाचा त्याला मिठी मारायला सरपटत चाललेला. वाघ्याने जांभई दिली. लेक खेळण्यातून मान वर न करता म्हणाली, "दादा, नको. त्याला झोप नाही आली, त्याला तू नकोयस."

वाघ्याचा रेबीजचा बूस्टर ऑगस्टमध्ये आहे, तारीख फ्रीजवर चिकटवलीय. बायोफिल्मचा दुसरा भाग त्याच्या बराच आधी येईल, हे नक्की.